पावसाचा आकडा शिक्क्याखाली: शासकीय संकेतस्थळं सांभाळणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या शासकीय विभागांची, महामंडळांची, भाषा आणि साहित्याच्या मंडळांची, सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांची संकेतस्थळं ज्यांच्या अखत्यारीत येतात ते सर्व अधिकारी

विषय: लोकांच्या पैशातून तयार झालेली माहिती लोकांना वापरता येईल अशा रूपात देण्याबाबत.

महोदय/महोदया,

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ई-सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती, जे जे ऑनलाइन झालं ते आमच्या खिडकीवर येतं. तुम्ही जे संकेतस्थळावर चढवता ते उतरवून घेणारी मी. त्यामुळे तुमची संकेतस्थळं मला तोंडपाठ आहेत: कुठला मेनू दोनदा दाबावा लागतो, कुठला कॅप्चा शून्य आणि ‘ओ’वरून अडवतो, कुठलं पान ऑफिस सुटल्यावरच उघडतं.

२०२५ च्या सुरुवातीला शासनानं कार्यालयांसाठी शंभर दिवसांचा कार्यक्रम आखला. त्यात संकेतस्थळं सुधारण्याचा मुद्दा होता आणि तो असायलाच हवा होता. त्या धामधुमीत बऱ्याच कार्यालयांनी आपल्या संकेतस्थळाला नवा रंग दिला. त्यातल्या एकाबद्दल सांगते. नाव घेत नाही, कारण तक्रार त्याच्या एकट्याची नाही. त्याच्या जुन्या, दिसायला कळकट संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजच्या पावसाचे मागच्या बऱ्याच वर्षांचे तक्ते होते. नव्या संकेतस्थळावर सरकती छायाचित्रं आहेत, मान्यवरांचे हसरे चेहरे आहेत, अक्षर लहान-मोठं करायची सोय आहे. तक्ते नाहीत. फोन केला तर तिकडच्या मुलानं खरं काय ते सांगून टाकलं, “मॅडम, जुना डेटा नवीन साइटच्या स्कोपमध्येच नव्हता.”

त्या मुलाला मी बोल लावत नाही. कंत्राटात जेवढं लिहिलं होतं तेवढं त्यानं केलं. पण कंत्राट लिहिणाऱ्या कुणाच्याच मनात आलं नाही की त्या कळकट संकेतस्थळावरचा खरा ऐवज तेवढाच होता, बाकी सगळी सजावट.

पावसाचा आकडा कशाला लागतो हे शेतीशी संबंध न येणाऱ्या वाचकांना सांगायला हवं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी झाली असं आपल्याकडे धरतात. मंडळात गावं बरीच, पर्जन्यमापक बहुधा एकच. ओढ्याच्या अलीकडे धो धो कोसळला आणि मापक पलीकडे असला, तर कागदावर पाऊस झालेलाच नसतो. आकडा ६५ च्या वर गेला की पंचनाम्याला गती येते, आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर दिसलं तर मदत. फळबागांच्या हवामान आधारित विम्यात तर आकडाच सर्वेसर्वा: केंद्रावर नोंदलेला पाऊस आणि तापमान ठरवून दिलेल्या मर्यादेशी ताडतात, आणि त्यावरून भरपाई निघते किंवा निघत नाही. महावेध प्रकल्पात राज्यभर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. म्हणजे आकड्यांचा दुष्काळ नाही. ते दिवसरात्र तयार होतात.

आता ते आमच्या खिडकीपर्यंत कसे पोचतात ते बघा. आमच्याकडे एक डाळिंबवाले काका येतात. परतीच्या पावसानंतर एकदा आले आणि म्हणाले, “ताई, त्या दिवशी आमच्या मंडळात किती दाखवलाय तेवढं काढून द्या.” मी संबंधित कार्यालयाची पीडीएफ उघडली. तक्ता मुळात एक्सेलमध्ये केलेला, हे चौकटींवरूनच कळत होतं. कुणीतरी तो छापला, साहेबांची सही घेतली, गोल शिक्का मारला, स्कॅनरवर वाकडा ठेवला आणि चढवला. डाव्या कोपऱ्यात टाचणीची सावली. आणि शिक्का नेमका काकांच्या मंडळाच्या ओळीवर. सहाचा आकडा दिसत होता, त्याच्या पुढचा निळ्या शाईत बुडालेला. काकांनी चष्मा कपाळावर घेतला, परत खाली घेतला आणि विचारलं, “सहा आहे का तीन?”

मला सांगता आलं नाही. पुढे तालुक्याला जाऊन त्यांनी विचारून घेतलं, त्यात त्यांचा दिवस मोडला.

चांगला तक्ता बिघडवण्यासाठी इतके कष्ट कशाला, हा माझा पहिला प्रश्न. सही हवी असेल तर ठेवा की. सहीची पीडीएफ राहू द्या आणि तिच्या शेजारी मूळ एक्सेल किंवा सीएसव्ही (कुठल्याही संगणकात उघडणारा साधा तक्ता) फाइल टाका. ती तुमच्याच संगणकात आहे. नव्यानं काही करायचं नाही, छापायचा कागदही वाचतो.

दुसरी गोष्ट माहिती अधिकाराची. गायब झालेले तक्ते मी २००५ च्या कायद्याखाली मागितले. दहा रुपये भरले. अर्जात स्पष्ट लिहिलं होतं की फाइल इलेक्ट्रॉनिक स्वरूपात हवी. कायद्याच्या कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची व्याख्या करतानाच ही सोय दिली आहे. उत्तर आलं: पानामागे दोन रुपये भरा, छापील प्रती घेऊन जा. संगणकातली फाइल छापून दिली आणि मी ती रात्री बसून पुन्हा संगणकात टंकली. टंकताना माझ्याकडून एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल तर तो शोधायचा कुणी? त्याच कायद्याचं कलम ४ सांगतं की नोंदी सूचीबद्ध ठेवा, संगणकावर आणा, आणि माहिती आपणहून एवढी प्रसिद्ध करा की लोकांना अर्ज करायची वेळ कमीत कमी यावी. कायदा येऊन वीस वर्षं झाली. कलम ४ वाचताना मला आजही ते नव्यानं मंजूर झाल्यासारखं वाटतं.

शासन निर्णयांबद्दल मात्र आधी चांगलं बोलते, कारण ते बोलायला हवं. राज्याचे शासन निर्णय एका ठिकाणी मिळतात. प्रत्येकावर लांबलचक संकेतांक असतो, त्याचे सुरुवातीचे आकडे तारखेचे, आणि खाली ‘हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे’ अशी ओळ. खिडकीवर भांडण झालं की मी तो निर्णय उघडून समोर ठेवते आणि भांडण मिटतं. हे काम ज्यांनी सुरू केलं त्यांना माझा नमस्कार.

पण त्याच निर्णयातला मजकूर जरा कॉपी करून बघा. कित्येक फाइलींतून ‘शासन निर्णय’ उचलावं तर ‘शासन ननणणय’ चिकटतं. ‘दिनांक’चा ‘नदनाांक’ होतो, ‘मुंबई’ची ‘मुांबई’, आणि ‘महाराष्ट्र’ तर ‘महाराष्र’. पडद्यावर अक्षरं सुबक दिसतात, आत मात्र वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटून पडलेली असतात. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कारण फाइलीत ‘निर्णय’ हा शब्द शोधला तर संगणक सांगतो, असा शब्द इथे नाही. दृष्टिहीन मुलं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, लावून ऐकतात तेव्हा त्यांना हीच ‘नदनाांक’ भाषा ऐकू येते. आमच्या केंद्रात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा असा एक मुलगा येतो. तो म्हणतो, निर्णय वाचण्यापेक्षा कुणाकडून तरी वाचून घेतलेला बरा.

आणि जुन्या फाइली? त्या तर वेगळ्याच लिपीत आहेत. सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी युनिकोड ही अक्षरांची पद्धत येण्याआधीच्या काळात प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, आणि मराठी अक्षरं इंग्रजी चिन्हांच्या जागी बसवलेली. ‘सुरेख’ नावाच्या एका फॉन्टात केलेला मजकूर आज उघडला तर ‘ह’च्या जागी अर्ध्याचा अपूर्णांक दिसतो, ½ असा, आणि बाकी अक्षरांच्या जागी डोक्यावर टिंबं घेतलेली परदेशी अक्षरं. युनिकोड वापरा असे आदेश शासनानंच काढले आहेत. पण आदेशाच्या आधी जे टंकलं गेलं त्याचं काय करायचं, हे बहुतेक कार्यालयांत कुणी विचारलंच नसावं. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं फुकट मिळतात. एका उन्हाळी सुट्टीत चार प्रशिक्षणार्थी बसवले तर एका कार्यालयाच्या जुन्या फाइली मार्गी लागतात. सध्या भाषांतराची, बोललेलं टिपून घेणारी, प्रश्नांना उत्तरं देणारी यंत्रं येत आहेत. केंद्राचा भाषिणी प्रकल्प त्याच कामासाठी आहे. ही यंत्रं मराठी शिकणार ती मिळेल त्या मराठी मजकुरावर. प्रशासनाची, शेतीची, कायद्याची चांगली मराठी अपूर्णांकात अडकून पडली, तर ती शिकतील कशावरून?

गावांच्या नावांचा घोळ वेगळाच. एका विभागाच्या यादीत ‘पिंपळगाव बु.’, दुसऱ्याच्या यादीत ‘पिंपळगांव बुद्रुक’, तिसऱ्याकडे इंग्रजी स्पेलिंग, आणि त्यातही एकाच तालुक्यात पिंपळगाव दोन. पाऊस एका यादीत, पेरणी दुसऱ्या यादीत, विहिरींची पातळी तिसरीत. हे एकत्र ठेवून बघायचं म्हटलं तर नावं जुळवण्यातच जीव जातो. खरं तर प्रत्येक गावाला २०११ च्या जनगणनेत सहा आकडी क्रमांक मिळालेला आहे, आणि केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही स्वतंत्र कोड आहे. यादीत एक रकाना वाढवायचा, तो कोड लिहायचा, संपलं. तसं केलं असतं तर औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा जुनी-नवी आकडेवारी आपोआप जुळली असती. आज शोधताना दोन्ही नावांनी शोधावं लागतं, आणि काही ठिकाणी जुन्या नावाखालची वर्षं यादीतूनच उडालेली दिसतात. जनगणनेच्या लोकांचं इथे कौतुक करायला हवं: त्यांचे गावपातळीवरचे तक्ते एक्सेलमध्ये, कोडसकट मिळतात. दिल्लीला जमतं ते आपल्याला जमायला हरकत नसावी.

आता परवानगीचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात जास्त टोचतो.

बऱ्याच शासकीय संकेतस्थळांच्या तळाशी ‘स्वामित्व हक्क धोरण’ असं पान असतं. त्यात साधारण एकच मजकूर: आम्हाला मेल पाठवून रीतसर परवानगी घेतल्यानंतर इथला मजकूर विनामूल्य वापरता येईल. वाचायला बरं वाटतं. एका गावाची माहिती मराठी विकिपीडियावर नीट लिहावी म्हणून मी एका कार्यालयाला असा मेल पाठवला. तो परत आला. टपालपेटी भरली होती. म्हणजे परवानगी नाकारली असंही नाही, दिली असंही नाही. विकिपीडियावर अशा अधांतरी गोष्टीला जागा नसते. तिथे मजकूर मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही पुन्हा न विचारता वापरता येईल असा, असावा लागतो, नाहीतर काढून टाकतात, आणि ते बरोबरच आहे.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याप्रमाणे सरकारी कृतीवर पहिला हक्क सरकारचा, आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. कायदे, राजपत्रातला मजकूर, न्यायालयाचे निकाल यांना सूट आहे, बाकी बहुतेकांना नाही. म्हणजे १९७५ साली शासनानं आमच्या भागातल्या विहिरींवर किंवा गवतांच्या जातींवर एखादी पुस्तिका काढली असेल, तर ती १ जानेवारी २०३६ पर्यंत बंद. तिची दुसरी आवृत्ती निघत नाही, विक्रीला प्रत नाही, आणि विकिस्रोत या विकिपीडियाच्या भावंडातल्या मुक्त ग्रंथालयात टंकून ठेवावी तर हक्क शासनाचा. हा हक्क राखून शासनाला कुठला महसूल मिळतो, मला खरोखर जाणून घ्यायचं आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर स्वामित्व हक्क नसतोच. करदात्यानं एकदा पैसे दिले, विषय संपला.

आपल्याकडेही वाट नाही असं नाही. केंद्रानं २०१२ मध्ये डेटा खुला करण्याचं राष्ट्रीय धोरण आणलं, त्यासाठी स्वतंत्र पोर्टल उभं केलं आणि २०१७ मध्ये शासकीय खुल्या डेटाचा परवाना जाहीर केला: श्रेय द्या आणि वापरा, धंद्यासाठीही. मसुदा तयार आहे. तुम्हाला फक्त पानाखाली दोन ओळी टाकायच्या आहेत. आणि कोशांचं म्हणाल तर शेजारी गोव्याकडे बघा. गोवा विद्यापीठानं २०१३ मध्ये कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड मुक्त परवान्याखाली दिले. केरळच्या सरकारी ज्ञानकोशाची वेबआवृत्तीही मुक्त परवान्याखाली आहे. तमिळनाडूचं सरकार लेखकांच्या वारसांना मोबदला देऊन त्यांची पुस्तकं राष्ट्रीयीकृत करतं, मग ती कुणीही छापावीत. कोंकणी, मल्याळम, तमिळ यांना जमलं. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या चौकातही पेढे वाटले. मी घेतला. दर्जाबरोबर कोशही खुले झाले असते तर डबाभर आणले असते.

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, कुठल्याही मंत्रालयाच्या पाठबळावर नव्हे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून विश्वकोश उभा केला; त्याचा पहिला खंड १९७६ चा, आणि पुढे २० खंड झाले. तो आज इंटरनेटवर वाचता येतो, हे शासनाचं मोठं काम आहे. पण वाचता येणं आणि वापरता येणं यात फरक आहे. आमच्या इथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना ‘भूजल’वरची नोंद घ्यायची आहे, सोपी करायची आहे, आमच्या तालुक्याची उदाहरणं घालायची आहेत आणि मुलांसाठी छापायची आहे. त्यांना त्यासाठी कुणाला विचारावं लागू नये, एवढंच मागणं. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शब्दवार शोधायचा असेल तर मी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाते. आमच्या मंडळाच्या पावसाचे हरवलेले काही तक्ते मला शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट अर्काइव्हमध्ये सापडले. त्यांच्या यंत्रानं जुन्या संकेतस्थळाची प्रत आधीच काढून ठेवली होती, म्हणून. मराठी शब्द शिकागोत, मराठवाड्याचा पाऊस सॅन फ्रान्सिस्कोत. त्या लोकांचे उपकारच आहेत. पण आपला पत्ता इतका दूरचा असावा का?

एक गोष्ट मात्र उलटी आहे, तीही सांगते. जे खुलं करायला नको ते सर्रास खुलं असतं. एका योजनेच्या लाभार्थ्यांची यादी मला सहज शोधताना मिळाली: नाव, गाव, मोबाइल नंबर, बँक खात्याचे आकडे. ती काढून टाका असं मी कळवलं, बऱ्याच दिवसांनी निघाली. विधवा पेन्शन घेणाऱ्या बाईचा फोन नंबर जगाला कशाला हवा? आता २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे. त्याचा आधार घेऊन अशा याद्या जरूर झाका. पण त्याच कायद्याकडे बोट दाखवून पावसाचे, विहिरींचे, बाजारभावाचे आकडे नाकारू नका. पर्जन्यमापकाला खासगी आयुष्य नसतं.

तुमच्या बाजूनं काय सांगितलं जातं तेही मला माहीत आहे. ‘लोक चुकीचा अर्थ काढतील.’ काढतील. आजही काढतात, फरक एवढाच की आज अर्धवट आकड्यांवरून, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोवरून काढतात. आकडा तात्पुरता असेल तर ‘तात्पुरता’ लिहा, मापक बंद होता तर ‘बंद’ लिहा. रिकाम्या रकान्यात शून्य भरू नका. शून्य मिलिमीटर आणि नोंदच नाही, यातला फरक शेतकऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतो. ‘मनुष्यबळ नाही.’ हे बरंचसं खरं आहे; तालुक्याच्या ऑपरेटरवर किती कामं असतात ते मी रोज पाहते. म्हणूनच मी जे मागते आहे त्यात छापणं, शिक्का, स्कॅन ही कामं कमी होतात, वाढत नाहीत. ‘वरून आदेश नाही.’ यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून हे पत्र वरच्यांनाही आहे.

आमच्या मागण्या:

१. जो तक्ता संगणकात तयार झाला तो संगणकाला वाचता येईल अशाच रूपात द्या. सहीची पीडीएफ हवी तर सोबत ठेवा, पण एक्सेल किंवा सीएसव्हीशिवाय कोणताही तक्ता प्रसिद्ध होऊ नये. सुरुवात मंडळनिहाय पावसापासून, हवामान केंद्रांच्या नोंदींपासून आणि गावनिहाय पैसेवारीपासून (पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज) करा, कारण लोकांचे पैसे त्यांवर अडकलेले असतात.

२. संकेतस्थळ नवं करताना जुन्या पानांचे पत्ते चालू ठेवायची अट कंत्राटातच घाला. जुना मजकूर हलवून झाल्याशिवाय शेवटचं बिल निघू नये. आणि जे तक्ते गेल्या काही वर्षांत अशा बदलांत गायब झाले ते शोधून परत चढवा. ते कुठल्या ना कुठल्या हार्ड डिस्कवर आहेत.

३. प्रत्येक यादीत गावाचा आणि मंडळाचा कोड.

४. शासकीय माहितीला केंद्राचा २०१७ चा परवाना किंवा तसाच मुक्त परवाना लावा. विश्वकोश, परिभाषा कोश, जिल्हा गॅझेटियर, शासनानं काढलेली आणि आता विक्रीत नसलेली पुस्तकं यांनाही. ज्या पुस्तकांत लेखकाचा हक्क वेगळा आहे तिथे लेखकाला किंवा वारसांना विचारा, मोबदला द्या, घाई नाही. पण जिथे हक्क शासनाचाच आहे तिथे विचारायचं कुणाला? ‘मेल करून परवानगी घ्या’ ही ओळ काढून टाका.

५. यापुढे शोधता येणारी, युनिकोड पीडीएफ. ती चढवण्याआधी कुणीतरी एक ओळ कॉपी करून बघावी. ‘ननणणय’ चिकटलं तर फाइल परत पाठवावी. जुन्या फॉन्टातला मजकूर टप्प्याटप्प्यानं बदलावा, आणि कुठल्या वर्षापर्यंतचा झाला ते जाहीर करावं.

६. माहिती अधिकारात फाइल मागितली तर फाइल द्या, कागद नको.

७. लाभार्थ्यांचे फोन नंबर, आधार आणि खाते क्रमांक असलेल्या याद्या आजच तपासा. यासाठी कुठल्या धोरणाची वाट बघायची गरज नाही.

यातली पहिली, तिसरी आणि सातवी मागणी एखाद्या कार्यालयप्रमुखानं मनावर घेतलं तर वरच्या आदेशाशिवायही पुरी होते. चौथीला मंत्रालयातून निर्णय लागेल, हे कळतं.

२८ सप्टेंबरला राज्यात माहिती अधिकार दिन पाळला जातो. कार्यालयांत व्याख्यानं होतात, फलक लागतात. यंदा त्या दिवशी व्याख्यानाऐवजी प्रत्येक विभागानं आपल्या संकेतस्थळावर एक पान टाकावं: आमच्याकडे कोणकोणते तक्ते आहेत, कुठल्या वर्षापासूनचे, त्यातले कुठले खुले केले, कुठले नाही आणि का नाही, आणि विचारायचं झालं तर कुणाला, पदनाम आणि चालू असलेल्या मेलसकट. मला वेगळं उत्तर पाठवू नये, त्या पानावरच द्यावं. मी टंकून काढलेले आमच्या तालुक्याचे पावसाचे तक्ते मी कुणालाही वापरण्यासाठी मोकळे केले आहेत. तुमच्या मूळ नोंदींशी ते ताडून, त्यात चूक सापडली तर दुरुस्त करून, तुमच्याच संकेतस्थळावर ठेवायला माझी काही हरकत नाही.

आपली,
ई-सेवा केंद्र चालवणारी एक नागरिक
मराठवाडा